काचेवरचा ओरखडा

रात्री साडेअकराला हेल्वे स्क्रिप्ट लावते
आणि ताटल्या एकामागून एक उघडू लागतात,
आगरच्या पिवळट ताटल्या,
प्रत्येकीत यीस्टचे तीनशे चौऱ्याऐंशी ठिपके,
उजळणीच्या वहीसारखे ओळीत बसलेले.

बाहेर तार्तूत उणे एकोणीस.
एमायोगी नदी इतकी गोठलीय
की माणसं सायकल हातात धरून तिच्यावरून घरी जातात.
आत कपाटात तीस अंश.
या गावाचा सगळा उन्हाळा
आत्ता त्या कपाटात कोंबलेला आहे.

दर वीस मिनिटांनी स्कॅनर कण्हत सरकतो.
अकरा स्कॅनर, चार दिवस,
तीन हजार एकशे अडुसष्ट चित्रं.
माणसानं मोजायची म्हटली तर डोळे जातील.
यंत्र मोजतं: कडा शोध, मागचा रंग वजा कर,
पिक्सेल मोज, रकान्यात टाक, पुढची.
पुढची. पुढची.
हेल्वे काळ्या पावाचा तुकडा चघळत
आकडे चढताना बघते,
दुधावर लक्ष ठेवावं तशी.

बारानंतर कधीतरी तिला तो दिसतो.
सात नंबरचा स्कॅनर, नववी ओळ, चौदावा ठिपका:
वाढत नाही.
मरतही नाही.
पहिल्या तासाला जेवढा, शहाण्णवाव्यालाही तेवढाच.
मीठ घाला, साखर तोडा, तांबं पाजा,
शेजारपाजारचे सुकतात, हा ढिम्म.

रकान्यात त्याच्यापुढे शेरा आहे, 'अतिसहनशील'.
राइको नावाचा पोरगा त्याच्यावर प्रबंध लिहितोय,
दोन महिने झाले, जिन्यातसुद्धा शीळ घालतो.

हेल्वे उठते, ताटली बाजूला काढते,
काचेवरून बोट फिरवते.
नखाला काहीतरी अडतं.
तांदळाच्या कणीएवढं.

आउनेची अंगठी.
एकोणीस वर्षं आउने या काचा पुसायची,
स्पिरिटनं, गोल गोल,
‘काढू कशी, बोटं सुजलीत’ म्हणत.
गेल्या मार्चमध्ये, नदी फुटायच्या आठवड्यात, ती गेली.
त्या जागचं खरं यीस्ट बहुधा पहिल्याच दिवशी मेलं
आणि त्याच्या नावावर
ही उभी राहिली, चारही दिवस.

तीन ओळी पुरतात:
इथपासून तिथपर्यंतचे पिक्सेल वगळ.
नियम असा, की वगळलं तर कारण लिहायचं.
हेल्वे लिहिते, ‘काचेत दोष’.
खोडते.
‘ओरखडा, जुना’.
तेही खोडते, आणि मग बराच वेळ
तो रकाना नुसता लुकलुकत राहतो.

राइकोला काय सांगायचं ते उद्या.
पुन्हा पहिल्यापासून, पहिली ताटली.

घरी खिडकीजवळच्या बरणीत
राईचं आंबवण झाकून ठेवलंय,
आउनेनंच दिलेलं, बसमधून मांडीवर धरून आणलेलं.
त्याचा फोटो कुणी काढत नाही.
एव्हाना त्यानं झाकण उचललं असेल.