पाठपोट

विद्यापीठाच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
मागे गिरणेचं कोरडं पात्र, पुढे हायवे.
जूनमध्ये एक बाप आला, पारोळ्याकडचा,
हातात पोरीचा होस्टेलचा फॉर्म, नळीसारखा गुंडाळलेला.
मशीन गरम होईस्तोवर उभा राहिला,
पोरगी बाहेर चपलेचा बंद ओढतेय बघून
हळूच म्हणाला,
"आठला पोरे कसा शेतस, भाऊ?"

गावात त्यानं सगळं ऐकलं होतं.
शहराचं विद्यापीठ, म्हणजे पोरं कॅन्टीनमध्ये पडीक,
पोरी तोंड बांधून कोण जाणे कुणाच्या गाडीवर,
डोंगरातली नुसती स्कॉलरशिप खातात,
केळीवाल्यांची बापाचा पैसा उडवतात,
आणि धुळ्याची पोरं म्हणजे हाणामारी.

धुळ्याचं तेवढं खरं, मी म्हटलं.
मागल्या हिवाळ्यात दुर्गेश बागूल आणि कंपनीनं
भरिताची वांगी बामणोदची की दुसरीकडची
एवढ्यावरून माझं स्टूल मोडलं.
अजून भरून दिलं नाही.

आणि तोंड मीही बांधतो.
ऊन पाहिलंय ना तुम्ही?

इतकंच बोललो.
बाकीचं तोंडात राहिलं, रांग लागली होती.

झोप्यांचा सुमेध वर्गात झोपतो.
आडनावावर विनोद करून सरसुद्धा दमले.
खरंय, झोपतो.
रात्री शटर ओढून मी घरी निघतो तेव्हा
एटीएमबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत
गार्डचा शर्ट घालून तो जागा असतो,
शर्ट दुप्पट मापाचा,
मांडीवर माझ्याकडचीच झेरॉक्स,
ऑरगॅनिक केमिस्ट्री, युनिट तीन.

अल्फिया तडवी लांबून दिसली
की मी सहा प्रती काढायला घेतो, न विचारता.
नाव पाहून एक खिडकी म्हणते दाखला चुकला,
दाखला पाहून दुसरी म्हणते नाव चुकलं.
ती हसते, आणि यावलकडच्या बोलीत
दोन्ही खिडक्यांना जे म्हणते
ते मी इथे सांगणार नाही.

जमनी तोरणमाळकडची.
तिच्या मराठीला हसणारे दोघे
तिच्याच वहीच्या प्रती काढायला येतात,
नावावर कागदाची पट्टी ठेवून.
झाकण टाकता टाकता
मी ती पट्टी जराशी सरकवतो. दरवेळी.

माझंही सांगतो.
तन्वी भिरूड. आडनाव ऐकलं, पायातले बूट पाहिले,
आणि बागायतदाराची पोर समजून
वर्षभर दोनाचं पान तीनला लावलं.
मग एकदा तिनं बापाचं आधार कार्ड आणलं,
फोटोतला माणूस मी ओळखला.
सावद्याच्या रस्त्याला ट्रकमध्ये घड चढवताना पाहिला होता,
खांद्यावर ओली गोणी, केळी दुसऱ्याची.
मी काही बोललो नाही. दर दोनावर आणला.
तिनंही विचारलं नाही,
फक्त सुटे पैसे हातावर घेऊन
दोनदा मोजले.

हे सगळं बापाला कुठे सांगत बसू?
म्हटलं, चांगली आहेत पोरं.
तेही तितकंसं खरं नाही.

"पाठपोट काढू?"
"ती बाजू कोरी शे," बाप म्हणाला.
"कोरी नाहीये."
पोरगी पहिल्यांदाच आत आली,
फॉर्म त्याच्या हातातून घेऊन उलटा केला.

मागे पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
मुलींना अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत?
कुलूप कोण लावतं?
विंचू निघतात का?

बापानं कागद लांब धरून वाचला,
मग आणखी लांब धरला.
मी तो काचेवर ठेवला, झाकण टाकलं.
उजेड या टोकापासून त्या टोकाला गेला.
पेन्सिल सहसा उमटत नाही नीट.

गडद केलं, आणि पुन्हा काढलं.