एकोणीस नंबर

उद्यमनगरात पत्ता विचारला तर
कुणी पिस्टनचं दुकान दाखवतो, कुणी पंपाचं.
तिसरा म्हणाला, "त्यो काळ्या कापडाचा भूपाल व्हय?
वेल्डिंगच्या मागं. शटर अर्धं असतंय बघा."
वाकून आत गेले.

गगनबावड्याच्या शाळेत माझं लाकडी युकुलेले
दोन पावसाळे टिकलं.
पहिल्यात पाठ फुगली, दुसऱ्यात घोडी सुटली,
आणि कपाटातल्या कपाटात बुरशीनं त्याच्यावर
कुठल्याशा देशाचा नकाशा काढला.
मुलं म्हणाली, बाई, ह्याला ताप आलाय.

भूपाल मगदूम आधी रेसच्या गाड्यांची बॉनेटं करायचा.
गिऱ्हाईक गेलं, हात राहिले.
कार्बनचं कापड उलगडून म्हणाला,
"इचलकरंजीचं न्हवं, बाहेरनं येतंय."
काळं, चटईच्या विणीचं. कड बोटाला टोचली.
"ह्यात हाड न्हाई, शिंग न्हाई, सरस न्हाई.
आमच्या आईला चालतंय.
बस्तीत न्या, कोण काय म्हणणार न्हाई."

किंमत ऐकून मी फोनमध्ये बघितल्यासारखं केलं.
अठ्ठावीस हजार.
लाकूड नाही, मग पैसे कशाचे?
हा प्रश्न मला घरून बांधून दिला होता.
जरा शुद्ध करून विचारला.
त्यानं भट्टीकडे बोट केलं.
भट्टी म्हणजे जुनं लोखंडी कपाट,
आत हीटर, दाराला थर्मामीटर.
"रातभर ऐंशी डिग्रीत बसाय लागतंय.
मधी लाइट गेली की भंगार. औंदा चार गेली."
कुठं आहेत ती चार?
एकात खिळे होते. एकात त्याच्या मुलीच्या पेन्सिली.
एक तुळईला उलटं टांगलेलं,
त्यात चिमणीनं काड्या आणायला सुरुवात केलेली.
चौथं दाखवलं नाही.

सात महिन्यांत त्याचे दोन फोन आले.
एक बोटांची लांबी विचारायला,
एक चुकून लागलेला.

घ्यायला गेले तेव्हा कळलं, त्याला वाजवता येत नाही.
डावा कान फौंड्रीत गेला, उजवा निम्मा.
तार छेडतो आणि कड दातांत धरतो,
अलगद, गरम भाकरीचा तुकडा धरावा तशी,
आणि सांगतो, "तिसरी वाईच उतरलीय."
मी ट्यूनर लावून बघितलं.
उतरली होती.

मग मी वाजवलं. पाचवीला शिकवते तेच, सोपं.
शेजारची लेथ मधे मधे आपलं घुसडत होती.
त्यानं युकुलेलेच्या पाठीवर तळहात टेकवला
आणि भिंतीकडे तोंड करून ओरडला,
"संभा, बंद कर की दोन मिनटं!"
लेथ थांबली.
मला पुढचं आठवेना.

"घेतो मी," म्हणाले.
वर्गात मुलींना रोज सांगते, घेते म्हणा, येते म्हणा.
घाईत माझ्याच तोंडातून कोल्हापूर येतं.

पैसे मोजून झाल्यावर म्हणाला,
"इजा कडाडताना वाजवू नगा."
का हो?
"कार्बन हाय. मला म्हाईत न्हाई. पर नगा."

एसटीत, कळ्याच्या पुढं, खिडकीच्या उन्हाकडे धरून
भोकातून आत बघितलं.
सही असेल, शिक्का असेल, असं वाटलेलं.
शेवटच्या थराखाली, काचेसारख्या रेझिनमध्ये
चिकटवलेला एक कागद. दूध संस्थेची पट्टी.
म्हैस. सकाळ. साडेतीन लिटर. फॅट सहा पूर्णांक आठ.
कडेला पेन्सिलीनं १९.
नाव कुणाचं, ते दिसेना, नेमकी तिथं आतली पट्टी आडवी येते.

मांडीवरून उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं.
त्या सकाळच्या दुधाहून
कितीतरी हलकं.