तू कुणाचा रे?

पहिल्यांदा कॉफीच होती.
किटली, गाळणी, आच, सगळं जागच्या जागी,
आणि कपात नुसतं गरम पाणी.
आई फुंकर घालून प्यायली.
मीही प्यायलो. म्हटलं, वय झालं.

मग विजेचं बिल तीनदा भरलं गेलं.
लोकरीचे मोजे सापडले फ्रीझरमध्ये,
गोठलेल्या ब्लूबेरींच्या शेजारी.
मार्केत्ता नाताळात चार दिवस आली, तेव्हा
आई अशी वागली, जसं पाहुण्यांसमोर वागतं शहाणं पोर.
"तुझं आपलं काहीतरीच," बहीण म्हणाली,
"रोजचं शब्दकोडं अजून शाईने सोडवते ती."

ती गेल्यावर कोडी काढून बसलो.
प्रत्येक चौकोनात अक्षर होतं.
शब्द एकही नव्हता.

लाप्पेनरांताच्या दवाखान्यात
डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला सांगितलं.
आईने सुरेख गोल काढला
आणि बाराही आकडे एका कडेला,
थंडीत दाराशी गोळा झालेल्या मेंढरांसारखे.
"काटे तुम्ही घाला," म्हणाली, "मला घाई नाही."

आता चार वाजले, खिडकी काळी झाली
की तिला गाय आठवते.
ओमेना. तांबडी, कपाळावर चांद.
चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात सीमा सरकली
तेव्हा आठ वर्षांची हिल्या तिचं दावं धरून
करेलियातून चालत निघाली होती.
गाय वाटेत बसली. उठली नाही.

"ओमेना बांधली का?"
मी खरं सांगायचो:
आई, ती मेली, पाऊणशे वर्षं झाली.
आणि आई ते ऐकायची पहिल्यांदाच.
रोज चार वाजता एक गाय मरायची आमच्या घरात.
मारणारा मी.

एका बुधवारी जीभ थांबली.
"बांधली गं."
"पाणी?"
"पाजलं."
"दूध?"
"बादलीला जरा कमी."
"पान्हा सुटू देत नाहीस तू. हात गरम कर आधी."

सगळेच दिवस असे नसतात.
परवा मला चोर म्हणाली, जिन्यात जाऊन ओरडली,
खालच्या मजल्यावरचे व्हाइनो चपला न घालता वर आले.
मी बाल्कनीत, उणे अठरात,
अकरा वर्षांनी सिगारेट ओढली.
ती नक्की कुणाची होती, आठवत नाही.

शनिवारी सौनाच्या पायरीवर
तिचे पाय धूत होतो.
तिने माझी हनुवटी वर केली,
वाफेतून निरखून पाहिलं.
"तू कुणाचा रे?"
"हिल्याचा."
ती हसली. हात बाकाच्या उंचीला धरून दाखवला:
"हिल्या तर एवढीशी आहे अजून."

बरोबर आहे.
मला जन्माला यायला अवकाश आहे.
तोवर चादरींच्या कपाटाला कडी घालतो,
गोठा तोच,
आणि हात चोळत उभा राहतो,
गरम होईपर्यंत.