दातखूण

जांबोटीच्या पल्याड, शिमग्याच्या तिसऱ्या रात्री
लुमाण्णा राक्षस होतो.
पांगाऱ्याचं तोंड, दीड हात कपाळ,
काजळीत तेल कालवून काळं केलेलं.
डोळे नुसते रंगवलेले.
बघायचं ते नाकपुड्यांतून.

दोरी नाही. आतून एक आडवी खुंटी,
ती दातांत धरायची.
म्हणून राक्षस बोलत नाही,
कन्नड नाही, मराठी नाही, शिवीसुद्धा नाही.
शिरगणतीला आलेला मास्तर थट्टेनं म्हणाला,
ह्याची भाषा कुठली लिहू?
हुंकार आला, तोही लाळेतून.

बायकांनी सोंग ओळखायचं नसतं.
मी ओळखत नाही.
डाव्या पायाची करंगळी कुणाची कोयत्यानं गेली
ते मला कुठं ठाऊक?
पोरं किंचाळत पदरात शिरतात,
मीही चार पावलं मागं सरते, रीतीप्रमाणं.

एकदा सोंग वळचणीला वाळत होतं,
उलटं करून बघितलं.
खुंटीवर खाचा:
मामंजींच्या, त्यांच्या थोरल्यांच्या,
मधे एक जागा कोरी, कुणाच्या तरी पडलेल्या दाताची.

घरात कुणी नव्हतं.
मी खुंटी तोंडात धरली.
मीठ, धूर, जुनी तंबाखू.
बोलायचं खूप होतं, खरं
तोंड उघडलं असतं तर
राक्षस पडला असता.

यंदा लुमाण्णा म्हणाला,
खुंटीला ही बारकी खाच कसली गं?
उंदीर असंल की, म्हटलं,
आणि भाकरी उलथली.