खांद्यापर्यंत

बोर्दोला, शार्त्रों घाटामागच्या गल्लीत
सत्तावीस पायऱ्या खाली उतरून
एकतीस वर्षं मी लोकांची संपत्ती आडवी झोपवली.
ते लोक मला कधी दिसले नाहीत.

डावीकडचा तिसरा कोनाडा:
शातो लार्क-मोरेल, एकोणीसशे पंच्याहत्तर,
बारा बाटल्यांची लाकडी पेटी.
आधी ती अँटवर्पच्या एका दंतवैद्याची,
मग सिंगापूरच्या कुठल्याशा कंपनीची,
मग जिनिव्हातल्या एका फंडाची,
ज्याचं नाव लिहायला वहीत ओळ पुरली नाही.
मालक बदलले. पेटी तसूभर हलली नाही.
गुंतवणूक म्हणतात याला.
गुंतलेलं तर कुणीच नव्हतं.

माझं काम टॉर्च मारून पातळी बघायचं.
काही वर्षांनी केसभर खाली,
मानेतून खांद्याकडे;
आणि दर वसंतात वरच्या मजल्यावरून
मादाम कास्तेरांचा आवाज:
भाव चढला बरं का, मात्युरँ!
आत वाइन उतरते, बाहेर भाव चढतो.
जगात कुठे कुणी एक बाटली प्यायलं
की उरलेल्या महागतात, त्या समजावायच्या.
म्हणजे कुणीतरी प्यायला हवंच,
फक्त आपण नको.

मी त्यांना सांगितलं नव्हतं
की त्या साली मी वीस वर्षांचा होतो
आणि ती द्राक्षं माझ्या पाठीवरून गेली होती.
टोपलीचा चामडी पट्टा इथे, उजव्या खांद्यात रुतायचा.
रस मानेवरून सदऱ्यात, सदऱ्यातून कमरेपर्यंत,
मागे गांधीलमाश्या.
सहाव्या ओळीत ओदिल कात्री चालवायची,
बोटांना चिंध्या बांधून.
मुकादम म्हणाला, यंदाची फार तुरट,
वीस वर्षं कुणी तोंडाला लावू नका.
आम्ही हसलो.
आम्हाला शनिवारपर्यंत धीर नव्हता.

या मार्चमध्ये नववी बाटली पाझरली.
बुचाभोवती चिकट काळं, लेबलावर डाग.
जिनिव्हाहून दोन शब्द आले: नुकसान. वगळा.
मादाम म्हणाल्या, मोरीत ओतून टाक,
आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या,
जरा जास्तच वेळ.

बेग्लच्या आमच्या स्वयंपाकघरात
बूच निम्म्यात तुटलं.
उरलेलं ओदिलनं विणकामाच्या सुईनं काढलं,
कॉफीच्या कागदातून गाळलं
मोहरीच्या रिकाम्या बरण्यांत. आमचे ग्लास तेच.
कडेला विटेचा रंग, मध्ये अजून लाल.
पहिल्या घोटात काहीच नाही.
मी म्हटलं, गेली.
ती म्हणाली, थांब. बटाटे सोलू दे.

चौथ्या बटाट्याला वास आला.
ओला पाचोळा, टोक केलेली शिसपेन्सिल,
मग कुठून तरी काळी मनुका,
आणि सगळ्याच्या मागे चामडं.
जाणकार लिहितात तसलं नव्हे,
घामानं भिजलेलं, उन्हात वाळलेलं, पुन्हा भिजलेलं.
मी बोललो नाही काही.
ओदिलनं घोट जिभेवर घोळवला, डोळे मिटले,
मला वाटलं आता रडते की काय.
म्हणाली, अजून तुरटच आहे रे!
मुकादम खोटारडा.

अर्धा तास टिकली.
मग चव विझत गेली, कुणी बोलता बोलता
झोपी जावं तशी. तरी आम्ही संपवली.
तळाचा गाळ तिनं सिरक्याच्या मडक्यात ओतला;
आमच्या घरात काही वाया जात नाही.

जूनमध्ये मादाम जिन्यावरून ओरडल्या:
लार्क-मोरेल पंच्याहत्तर, पुन्हा चढली!
बाजारात कमी झाली म्हणे.
मी टॉर्च तिसऱ्या कोनाड्यावर धरला.
अकरा.
असेल, म्हटलं, प्यायली असेल कुणीतरी.
आणि उजवा खांदा उगाच चोळला.