सुटे

नदीवरच्या पुलाच्या या टोकाला जर्मनी,
त्या टोकाला पोलंड.
तिकडे बाजारात मुळ्याच्या जुडीलासुद्धा कार्ड चालतं.
इकडे आमच्या बेकरीच्या दारावर माझ्या अक्षरातली पाटी:
फक्त रोख.
बावीस वर्षांची.
उन्हाने 'रोख' पुसट झालं,
'फक्त' तेवढं शाबूत.

मला नाणी आवडतात, खोटं कशाला बोलू.
पहाटे पाचला गल्ल्यात ओतताना
दुकान जागं झाल्यासारखं वाटतं.
कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले वेन्झेलबुवा
दोन युरोचं नाणं आधी मुठीत ऊबवतात,
मग देतात,
जणू पाखरू सोडतायत.

मालकाच्या टिल्मानने यंत्र आणलं.
साबणाच्या वडीएवढं.
मी म्हटलं, अरे, पैसे दिले असं वाटायला
हातातून काही जायला नको का?
तो म्हणाला, रोझविथा, पाटी काढ.
काढली. फेकली नाही.

नोव्हेंबरात एका शुक्रवारी ती आली.
खसखशीचा अख्खा केक, चोवीस युरो ऐंशी सेंट.
कार्ड टेकवलं. यंत्र किणकिणलं.
लगेच तिचा फोन.
"हो, बेकरीत. केक. हो, अख्खा."
फोन ठेवला आणि खोका माझ्याकडे सरकवला:
"हा परत घ्याल? पैसे हातात द्याल?"

नियम असा, की कार्डाचे पैसे कार्डावरच परत.
कार्डावर नाव एका पुरुषाचं होतं.
तिच्या कोटाला एक बटण कमी होतं.
"महिन्याचा हिशेब तो पट्टी ठेवून वाचतो," ती म्हणाली,
"ओळ न् ओळ."

मी गल्ला उघडला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
त्याचा आवाज मला मोठा वाटला.
दहा, पाच, पाच, बाकीची चिल्लर मोजू लागले,
तर म्हणाली, "सुटे नकोत. वाजतात.
बंद्या नोटा द्या, बंद्या चपट्या राहतात."
वीसची एक दिली, वरचे चार ऐंशी माझ्याकडे लिहून ठेवले.
तिने ती घडी घालून
मुलाच्या डाव्या हातमोज्यात सरकवली.

मग दर शुक्रवारी तेच.
तिने घ्यायचा, मी परत ठेवायचा,
आणि तोच केक कापून तुकड्या-तुकड्याने रोखीत विकायचा.
संध्याकाळी गल्ला जुळायचा, सेंटला सेंट.
जुळतोय म्हटल्यावर टिल्मान कशाला विचारतोय?
ज्या यंत्राला मी शिव्या घातल्या
ते दर आठवड्याला तिच्यासाठी साळसूद खोटं बोलायचं:
बेकरी. चोवीस ऐंशी. बेकरी. चोवीस ऐंशी.
आणि नोट गप्प.
नोटेवर कुणाचंच नाव नसतं.

बाजारात शतावरी आली, तेव्हा ती आली
मंगळवारी. मुलगा बरोबर, पाठीला दप्तराहून मोठी पिशवी.
"दोन पाव. प्रवासाला."
मी वहीतले साचलेले पैसे काढले.
पाचच्या, दहाच्या नोटा लावू लागले,
तर तिने मान हलवली.
"आता सुटेच द्या."
नाणी मुलाच्या खिशात ओतली.
दारापर्यंत तो वाजत गेला.

शुक्रवारी तो आला.
हातात कागद, तेवीस ओळी लाल पेनाने अधोरेखित,
सगळ्या रेघा सरळ.
"एवढे केक खाल्ले कुणी?"
"खसखस होती," मी म्हटलं, "झोप छान लागते.
तुम्हाला नाही लागली?"
तो पाहत राहिला. मग, काहीतरी घ्यायचं म्हणून,
एक पाव मागितला आणि कार्ड पुढे केलं.

यंत्र टॉवेलखाली होतं.
ते कधी गेलं टॉवेलखाली, देव जाणे.

"यंत्र बंद आहे," मी म्हटलं.
"रोख आहेत?"

त्याने एकेक खिसा चाचपला.
मागे रांगेत वेन्झेलबुवा
मूठ मिटून उभे.