नेहमीची जागा

कल्लास्ते गावात, लाल खडकाच्या कड्याजवळ
फेव्रोनियाबाईंचं दुकान.
अर्ध्यात कांद्यांच्या माळा, अर्ध्यात गळ,
मधे सामोवार, सदा कुरकुरणारा.
तार्तूहून पहिल्यांदा गेलो तेव्हा
हातमोजेही न काढता म्हणालो,
"मासाच लागत नाही हो. काय करू?"

हातातली माळ मोजून संपवली तिनं.
"हे विचारणं नाही, रडणं झालं.
रडायला वर प्रार्थनाघर आहे.
इथे विचार."

"बसला होतास कुठे?"
"तळ्यावर."
"तळ्यावर!
अरे, पैप्सीचा पलीकडचा काठ
माझ्या सासऱ्यालाही कधी दिसला नाही इथून.
किनाऱ्यापासून किती पावलं?
दोर किती वाव उतरला?
शिसं वर आलं तेव्हा काय चिकटलं होतं त्याला,
चिखल, की रेती, की काहीच नाही?
अळी जिवंत होती,
की खिशात गोठून तिची काडी झाली होती?
बर्फ काळा, आरपार दिसणारा,
की पाणी चढून पांढरा पडलेला?
एका भोकाशी किती वेळ टिकलास?
मासा आलाच नाही, की शिवून गेला?
न आलेला पाहुणा वेगळा, बाळा,
उंबऱ्यावरून परतलेला वेगळा."

मला यातलं एकही ठाऊक नव्हतं.
मी दिवसभर तिथे होतो
आणि तिथे नव्हतोच.

"बरं, वारा?"
"होता."
"ऐकलंस का येफिम? वारा होता म्हणे!"
मागच्या अंधारात एक म्हातारा
गळाला गाठ मारत होता.
त्याने मान वर केली नाही.
गाठ मात्र सुटली,
त्याने ती पुन्हा घातली,
आठ बोटांनी.

मग तिनं चहा ओतला,
साखरेचा खडा माझ्या बशीत टाकला
आणि सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाचं:
पश्चिमेचा वारा सुटला की बर्फ किनारा सोडतो.
आवाज होत नाही फारसा.
दोन हात रुंद पाणी, मग वीस हात,
मग नुसतं पाणी.
त्या संध्याकाळी मी फोन केला,
माझा माणूस तळ्यावर गेलाय, परतला नाही.
त्यांनी विचारलं, कुठल्या दिशेला?
मी म्हणाले, नेहमीच्या जागी.
किती वाजता निघाला? सकाळी.
घसरगाडीचा रंग? अहो, घसरगाडीसारखीच.
त्यांच्या नकाशात होती खूप गावं,
नेहमीची जागा नव्हती.
दोन रात्री लागल्या.
दोन बोटं तळ्यानं ठेवून घेतली,
बाकीचा परत दिला.

"चहा निवतोय," येफिम म्हणाला.
त्या दिवशी एवढंच बोलला तो.

पुढचे चार शनिवार मी पावलं मोजली.
वही पँटच्या आत ठेवायची, पेन्सिल तोंडात,
शाई गोठते हे एकदा कळल्यावर.
दोराला दर हातावर लाल लोकरीची गाठ.
पाचव्या शनिवारी दारातच टोपी काढली
आणि वाचून दाखवलं:
कड्यापासून पूर्वेला दोन हजार शंभर पावलं,
बर्फ दीड वीत, काळा,
दोर साडेतीन वाव, तळाशी करडा चिखल,
अळी जिवंत, पितळी गळ गव्हाएवढा,
वारा आग्नेयेकडून, मंद, दुपारी पडला.
नऊ ते अकरा सात पट्टेरी पर्च.
अकरानंतर टोचणी होते, दोर हलतो,
पण गळ कुणी गिळत नाही.
दोर वीतभर वर घेतला, तेच.
अळी बदलली, तेच.
शेजारच्या भोकात, चार पावलांवर, तसंच.
अकरालाच का?

फेव्रोनियाबाईंनी येफिमकडे पाहिलं.
येफिमनं गाठ खाली ठेवली,
उठला, वही हातात घेतली,
खिडकीशी नेऊन नीट वाचली,
एका ओळीवर अर्धं बोट ठेवून थांबला.
मी श्वास धरला.

"हे," तो म्हणाला,
"मला ठाऊक नाही."
आणि साठ हिवाळे तळ्यावर काढलेला तो माणूस
माझ्यासाठी खुर्ची ओढू लागला.